सही कुणाची, किल्ली कुणाची?

धंद्याच्या कागदपत्रांवरच्या इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल सहीबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. या विषयात ‘सीए’ हा शब्द दोन अर्थांनी येतो: आपले चार्टर्ड अकाउंटंट आणि सहीचे प्रमाणपत्र देणारी परवानाधारक संस्था. गोंधळ नको म्हणून खाली ‘सीए’ म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटच. दुसरीला ‘प्रमाणपत्र-संस्था’ म्हटले आहे.

पांढऱ्या कागदावर सही करून तिचा फोटो काढून ठेवला आहे. पर्चेस ऑर्डरच्या पीडीएफवर तो चिकटवतो, शेजारी शिक्क्याचाही फोटो. ही डिजिटल सही झाली ना? (इंजिनीअरिंग वर्कशॉप, भोसरी)

नाही. हे सहीचे चित्र झाले. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मध्ये सुरुवातीला डिजिटल सही हा एकच प्रकार होता. नंतरच्या दुरुस्तीने ‘इलेक्ट्रॉनिक सही’ हा मोठा वर्ग आला, पण त्यात सरकारने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत घातलेल्या पद्धतीच बसतात. आधार ई-साइन (आधारच्या ओटीपीने केलेली सही) तिथे आहे, चिकटवलेला फोटो नाही. पीडीएफ उघडायच्या अॅक्रोबॅट रीडरमधले ‘फिल अँड साइन’ही असेच फसवे. त्यात नाव झोकदार अक्षरात उमटते, पण त्यामागे कसलेही प्रमाणपत्र नसते.

म्हणून तुमच्या ऑर्डरी बाद ठरतात असे मात्र नाही. त्याच कायद्याचे कलम 10अ सांगते की प्रस्ताव आणि स्वीकृती इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाली, एवढ्याच कारणाने करार निरर्थक ठरत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अॅल्युमिनियम या बॉक्साइट पुरवठ्याच्या वादात औपचारिक करारावर सह्या झालेल्या नव्हत्या, तरी ईमेलच्या देवाणघेवाणीवरून करार झाला असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये धरले. तुमची खरी अडचण पुराव्याची आहे. ‘ही सही मी केलीच नाही’ असे कुणी म्हटले, तर चित्र काहीच सिद्ध करत नाही, कारण ते तुमच्या कुठल्याही जुन्या ऑर्डरवरून कापून घेता येते. पाच-दहा हजारांच्या नेहमीच्या ऑर्डरीला कंपनीच्या ईमेलवरून आलेली पीडीएफ पुरते. रक्कम मोठी असेल, आगाऊ पैसे जाणार असतील किंवा पार्टी नवी असेल, तर खरी डिजिटल सही मागा.

खऱ्या डिजिटल सहीत नेमके काय घडते? आणि पंधरा पानी करारावर ती शेवटच्याच पानावर दिसते, मग बाकीच्या पानांचे काय? (प्लास्टिक मोल्डिंग, नाशिक)

प्रमाणपत्राबरोबर किल्ल्यांची जोडी तयार होते. खासगी किल्ली यूएसबी टोकनच्या (पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या उपकरणाच्या) चिपमध्येच जन्माला येते आणि तिथून बाहेर काढता येत नाही. सार्वजनिक किल्ली तुमच्या नावासह प्रमाणपत्रात असते, ती कुणीही पाहू शकतो. सही करताना सॉफ्टवेअर अख्ख्या फाइलचा हॅश काढते, म्हणजे सगळा मजकूर दळून काढलेला 256 बिटांचा आकडा. सोळा चिन्हांच्या लिपीत लिहिला तर तो 64 अक्षरांचा होतो. हा हॅश टोकनमध्ये जातो, चिप खासगी किल्लीने त्यावर प्रक्रिया करते आणि जे बाहेर येते ते पीडीएफमध्ये बसते. तीच सही. समोरच्याचे सॉफ्टवेअर फाइलचा हॅश नव्याने काढते, तुमच्या सार्वजनिक किल्लीने सही उलगडते आणि दोन्ही ताडून पाहते. सातव्या पानावरचे 1,50,000 कुणी 1,50,001 केले, तरी नवा हॅश जुन्याशी ओळखदेखील दाखवत नाही.

त्यामुळे पानोपानी छोटी सही करण्याची कागदावरची चाल इथे बिनकामाची आहे. दिसणारा चौकोन कुठेही असो, सही पूर्ण फाइलवर असते. चौकोन अजिबात दिसत नसला तरीही ती वैध असू शकते.

गिरणीकडून आलेल्या करारावरच्या सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ असे येते. सही खोटी समजायची का? (सूत व्यापारी, इचलकरंजी)

लगेच खोटी समजू नका, पण हिरवी खूण आणायच्या घाईत विश्वासूही समजू नका. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे चुकीचे उत्तरही सर्वांत जास्त दिले जाते.

भारतातल्या सगळ्या प्रमाणपत्र-संस्थांना परवाना देतो तो नियंत्रक, म्हणजे सीसीए. त्याचे मूळ प्रमाणपत्र ‘सीसीए इंडिया’ आणि वर्ष अशा नावाचे असते. अॅक्रोबॅट रीडरच्या विश्वासू यादीत ते नसले की रीडर म्हणतो, ‘फाइल बदललेली दिसत नाही, पण हा माणूस कोण ते मला ठाऊक नाही.’ डाउनलोड केलेल्या ई-आधारवर प्रश्नचिन्ह दिसते तेही याच कारणाने.

सहीच्या चौकोनावर उजवी क्लिक करून ‘शो सिग्नेचर प्रॉपर्टीज’ उघडा, मग ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. डावीकडे साखळी दिसेल: खाली सही करणाऱ्याचे नाव, मध्ये प्रमाणपत्र-संस्था, सगळ्यात वर सीसीए इंडिया. वरच्या नावावर क्लिक करून ‘ट्रस्ट’ टॅबमध्ये ‘अॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ निवडा, ओके करा आणि ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ दाबा. एका संगणकावर हे एकदाच करायचे. मूळ प्रमाणपत्रे सीसीएच्या संकेतस्थळावर आहेत, त्यांच्याशी ठसा (प्रमाणपत्राचा हॅश) जुळवून घेतलात तर उत्तमच.

आता सावध राहायची जागा. साखळीत एकच नाव दिसत असेल आणि त्याच्या वर काहीच नसेल, तर थांबा. अॅक्रोबॅटमध्ये कुणालाही दोन मिनिटांत, हव्या त्या नावाने, स्वतःच स्वतःला दिलेला ‘डिजिटल आयडी’ बनवता येतो. त्याने केलेली सहीही अशीच दिसते, तेच प्रश्नचिन्ह येते, आणि ‘ट्रस्ट’ केले की तशीच हिरवी खूण मिळते. म्हणून विश्वास ठेवायचा तो फक्त सर्वांत वरच्या सीसीए इंडियावर. सही करणाऱ्याच्या नावावर क्लिक करून ‘ट्रस्ट’ कधीच करू नका.

लाल फुली आली आणि ‘सहीनंतर दस्तऐवज बदलला’ असा मजकूर असेल, तर प्रकरण वेगळे. फाइल परत पाठवा आणि नव्याने सही मागा. बहुतेकदा कारण निरुपद्रवी असते: कुणीतरी दोन पीडीएफ जोडल्या, आकार कमी करायला कॉम्प्रेस केली किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केले. या शेवटच्या प्रकारात तर सही उरतच नाही, फक्त तिचे चित्र राहते.

आम्ही सही करून फाइल पाठवली, पण दुसऱ्या पक्षाला सहीच करता येत नाही. (वाहतूक ठेकेदार, चाकण)

सही करताना ‘लॉक डॉक्युमेंट आफ्टर सायनिंग’ या चौकटीत टिक राहिली असणार. ती फक्त शेवटच्या सही करणाऱ्याने करायची. ‘सर्टिफाय’ हा पर्याय निवडून बदलांना मनाई केली असेल तरी हेच होते. बिनसहीच्या मूळ फाइलवर पुन्हा सही करा. या वेळी ‘सर्टिफिकेट्स’ साधनातून ‘डिजिटली साइन’ घ्या, टिक काढा, नव्या नावाने सेव्ह करा आणि तीच फाइल पुढे पाठवा. दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या प्रतींवर सह्या केल्या तर त्या नंतर एका फाइलमध्ये आणता येत नाहीत.

बँकेने डिजिटल सहीच्या कराराची प्रिंट मागितली. ती चालते का? (किराणा घाऊक विक्री, परभणी)

प्रिंटवर सही तपासता येत नाही. कागदावर उरतो तो ‘डिजिटली साइन्ड बाय’ असा छापील मजकूर, आणि तो कुणीही टाइप करू शकतो. प्रिंट फायलीला द्या, पीडीएफ ईमेलने पाठवा आणि पत्रात ‘मूळ दस्तऐवज ईमेलने पाठवला आहे’ असे लिहा.

टोकन पहिल्यापासून सीएंच्या ऑफिसात आहे, पासवर्डही त्यांच्याकडेच. सगळेच असे करतात. धोका आहे का? (हळद व्यापार, सांगली)

सगळेच करतात हे खरे, आणि धोका आहे हेही खरे. सहीच्या कोऱ्या चेकचे पुस्तक दुसऱ्याकडे ठेवण्यासारखे हे आहे, फक्त इथे चेकची पाने संपत नाहीत. तुमची किल्ली ताब्यात ठेवणे आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणपत्र-संस्थेला विनाविलंब कळवणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 42 नुसार तुमचे कर्तव्य आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिकपणे वापरणे हा कलम 66क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण तुम्ही स्वखुशीने टोकन आणि पासवर्ड दिल्यावर ‘मी सही केली नाही’ हे सिद्ध करणे तुमच्याच अंगावर येते. तुमच्या सीएंच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही, पण त्यांच्या ऑफिसात आर्टिकलशिपची मुले बदलत राहतात आणि तीस-चाळीस टोकने एकाच खोक्यात असतात.

व्यवहार्य मार्ग असा. टोकन तुमच्याकडे ठेवा. विवरणपत्र तयार झाले की रिमोट सॉफ्टवेअरने तुमच्या संगणकावर ते उघडू द्या, पासवर्ड मात्र तुम्ही टाका. टोकन न्यावेच लागले तर वहीत तारीख, काम आणि परत आल्याची नोंद ठेवा. विक्रेत्याने दिलेला 12345678 सारखा पासवर्ड आजच बदला. आणि मुळात टोकन लागते का तेही पाहा: मालकी पेढीचे जीएसटीचे बरेचसे काम मोबाइलवरच्या ओटीपीने होते. कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) मात्र जीएसटी नोंदणीच्या अर्जावर डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचे प्रमाणपत्र, लागतेच.

डीएससीचे नूतनीकरण केले आणि आता एकही पोर्टल सही घेत नाही. पैसे वाया गेले? (लेबर कॉन्ट्रॅक्टर, डोंबिवली)

नाही. ‘नूतनीकरण’ हा शब्दच चकवा देणारा आहे. मुदत वाढत नाही, नवे प्रमाणपत्र आणि नवी किल्ली मिळते. पोर्टलला जुनीच ओळख माहीत असते, म्हणून जीएसटी, प्राप्तिकर, एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) आणि निविदा पोर्टल अशा प्रत्येक ठिकाणी लॉगिन करून नवी डीएससी नोंदवावी लागते.

त्यानंतरही अडले तर या क्रमाने पाहा. एका वेळी एकच टोकन लावा. टोकनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्र दिसते का ते बघा. दिसत नसेल तर ड्रायव्हर चुकीचा आहे किंवा दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकमेकांत भांडत आहेत. तिथे दिसते पण पोर्टलवर नाही, तर मधला दुवा तुटला आहे. जीएसटीसाठी ‘ईएमसायनर’ हे सॉफ्टवेअर ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने सुरू करावे लागते. ते संगणकाच्या 127.0.0.1 या पत्त्यावर 1585 क्रमांकाच्या पोर्टवर चालते. ब्राउझरमध्ये हा पत्ता सुरक्षित जोडणीने एकदा उघडून येणारी धोक्याची सूचना स्वीकारली नाही, तर ‘सर्व्हरशी संपर्क झाला नाही’ हे पालुपद सुरूच राहते. पॅन जुळत नाही असा संदेश आला, तर मात्र दोष प्रमाणपत्रातच आहे. त्यात तुमच्या पॅनचा हॅश असतो, अर्जात पॅन चुकला असेल तर नवे प्रमाणपत्र घेण्यावाचून इलाज नाही.

पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होते. फॉरमॅट केलेत तर आतली किल्ली कायमची जाते. विक्रेताही ती परत देऊ शकत नाही, कारण तिची दुसरी प्रत कुठेच नसते. आठवत नसेल तर अंदाजपंचे टाकत बसू नका.

नवी घेताना कुणी ‘क्लास 2 स्वस्तात देतो’ म्हणाला तर त्याला नमस्कार करा. 1 जानेवारी 2021 पासून तो वर्ग बंद आहे, मिळते ती क्लास 3, एक ते तीन वर्षांच्या मुदतीची. काही निविदा पोर्टलांना सहीबरोबर एन्क्रिप्शनचे, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याचे, प्रमाणपत्रही लागते. निविदेची अट वाचूनच ऑर्डर द्या, कारण मागाहून ते वेगळे घ्यावे लागते.

आधार ओटीपीवर होणारी ई-साइन टोकनाच्या तोडीची आहे का? मुदत तपासली तर अर्ध्याच तासाची दिसते! (फौंड्री, कोल्हापूर)

ते बरोबर आहे, चूक नाही. ई-साइनमध्ये ओटीपी पडताळल्यावर सेवा देणारी संस्था आपल्या सुरक्षित यंत्रात तुमच्यासाठी किल्लीची जोडी तयार करते, त्या एका दस्तऐवजावर सही करते आणि खासगी किल्ली नष्ट करते. म्हणून प्रमाणपत्र 30 मिनिटांचेच असते. सही त्या अर्ध्या तासात झाली एवढेच महत्त्वाचे, सही मात्र पुढेही टिकते. टोकनाच्या सहीलाही हाच न्याय: प्रमाणपत्राची मुदत आज संपली म्हणून गेल्या वर्षीचा करार बाद होत नाही. फक्त सहीची वेळ तुमच्या संगणकाच्या घड्याळावर सोडू नका. ते कुणीही मागे-पुढे करू शकते. प्रमाणपत्र-संस्थेचा टाइमस्टॅम्प सहीत घालून घ्या.

कायद्याने ई-साइन मान्य आहे आणि वर्षातून दोन-चार करार करणाऱ्याला तीच सोयीची. मर्यादा दोन. आधारला जोडलेला मोबाइल हातात नसेल तर काम अडते. आणि सहीत व्यक्तीचे आधारवरचे नाव येते, हुद्दा येत नाही. ‘अमुक कंपनीतर्फे’ हे सहीतून सिद्ध होत नाही, त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र सोबत लागते. टोकनाची डीएससी संस्थेच्या नावासह घेता येते.

ई-साइन केली म्हणजे स्टॅम्प पेपर वाचला ना? (इंटिरिअर डेकोरेटर, ठाणे)

मुळीच नाही. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात दस्तऐवजाच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक नोंदही येते. पूर्वी 100 आणि 200 रुपयांचे मुद्रांक चालत त्या बहुतेक कामांना ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपये लागतात. कलम 17 नुसार मुद्रांक सहीच्या आधी, सही होताना किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी हवा. म्हणजे क्रम असा: आधी शुल्क भरा, पावती किंवा मुद्रांकाचे पान करारात पहिले पान म्हणून जोडा आणि मग सह्या करा. सह्यांनंतर ते पान जोडलेत की फाइल बदलते आणि वर सांगितलेली लाल फुली उगवते. आधी ई-साइन उरकून मग स्टॅम्पची आठवण होणे, ही चूक भलेभले करतात.

भागीदार दुबईत आहे. त्याने ई-साइनने मुखत्यारपत्र पाठवले तर इथे गोदाम विकता येईल का? (आंबा निर्यात, रत्नागिरी)

नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जे दस्तऐवज वगळले आहेत त्यांत मुखत्यारपत्र, न्यास आणि मृत्युपत्र आहेत. सप्टेंबर 2022 च्या अधिसूचनेने थोडी सूट दिली, पण ती रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकांखालच्या संस्थांच्या नावे दिलेल्या मुखत्यारपत्रापुरती आणि मागणी वचनचिठ्ठी व विनिमयपत्रापुरती. तुमच्या नावचे त्यात बसत नाही. भागीदाराने कागदावर सही करून तिथल्या भारतीय वकिलातीत ती साक्षांकित करावी आणि मूळ कागद पाठवावा. तो महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. त्याच अधिसूचनेने स्थावराच्या विक्रीचे करार वगळलेल्यांच्या यादीतून काढले, पण नोंदणी कायदा आपल्या जागी आहेच. खरेदीखतासाठी दुय्यम निबंधकाची पायरी चुकत नाही.

जर्मन ग्राहक डॉक्युसाइनची लिंक पाठवतो. इथे ते चालेल? (सॉफ्टवेअर सेवा, म्हापसा)

करार होतो. पण नावावर क्लिक करून केलेली साधी सही आपल्या दुसऱ्या अनुसूचीत नाही, त्यामुळे सुरक्षित डिजिटल सही न्यायालय जशी खरी धरून चालते, तसे गृहीतक तिला मिळत नाही. ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. सह्या पूर्ण झाल्यावर येणारे प्रमाणपत्र, ज्यात ईमेल, आयपी पत्ता आणि वेळा असतात, ते कराराबरोबर जपून ठेवा. युरोपीय संघाच्या नियमांत साधी, प्रगत आणि पात्र अशा तीन पायऱ्या आहेत आणि तिथे हस्ताक्षराच्या तोडीची मानतात ती फक्त तिसरी. ग्राहक कुठली मागतो ते विचारा. वाद कुठल्या देशाच्या कायद्याने सोडवायचा हे कलम तर सहीपेक्षाही आधी वाचा.

जीएसटी बिलावर सही नसली तर? (स्टील ट्रेडर्स, लातूर)

इलेक्ट्रॉनिक स्वरूपात काढलेल्या बिलावर सही किंवा डिजिटल सही सक्तीची नाही, नियम 46 मध्येच तशी सूट आहे. उलाढाल 5 कोटींवर गेलेल्यांना ई-इनव्हॉइस लागू आहे, तिथे क्यूआर कोडवर पोर्टलचीच डिजिटल सही असते. ग्राहक हट्ट धरत असेल तर द्या आपली.

वाद कोर्टात गेला तर काय दाखवायचे? आणि निवृत्त भागीदाराच्या टोकनचे काय करायचे? (कापूस जिनिंग, अकोला)

मूळ पीडीएफ, जशी आली तशी, नावही न बदलता ठेवा. ती ज्या ईमेलने आली तो ईमेलही पुसू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 खाली द्यायच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. फाइल व्हॉट्सअॅपवरून फिरवून, पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत तर तज्ज्ञाने हॅश काढायचा तरी कशाचा?

निवृत्तीच्या दिवशीच प्रमाणपत्र-संस्थेकडे रद्द करण्याचा अर्ज करा. टोकन कपाटात ठेवल्याने प्रमाणपत्र बंद होत नाही. ते रद्द झालेल्यांच्या यादीत गेले की सही तपासणाऱ्याला कळते. बँक आणि जीएसटी पोर्टलवरून अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून त्यांचे नाव वेगळे काढावे लागेल, एकाचा अर्ज दुसऱ्याला पोचत नाही. रद्द होण्याआधी त्यांनी केलेल्या सह्या मात्र पेढीवर बंधनकारकच राहतात.